गच्चीवर मोबाइल टॉवर : सोसायटीने सही करण्याआधी काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावे

बहुतेक सोसायट्यांमध्ये हे काम उलट्या टोकाने सुरू होते. कंपनीचा माणूस येतो, महिन्याच्या भाड्याचा आकडा सांगतो आणि ‘फक्त संमतीपत्र आहे, करार नंतर करू’ म्हणत सेक्रेटरींची सही घेऊन जातो. त्या एका कागदावर पुढची कामे सुरू होतात. सभा, इंजिनिअर आणि नगररचना विभाग यांची आठवण लोखंड गच्चीवर चढल्यानंतर होते. तोपर्यंत माघार घेणे महाग झालेले असते.

हा लेख महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, कारण पुढच्या टप्प्याला मागच्याचा कागद लागतो.

## टप्पा १ : समोरचा माणूस खरा आहे का?

टॉवरच्या नावाने होणारी फसवणूक जुनी असली तरी अजून चालते. ‘तुमच्या जागेची निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा, लाखांत अनामत मिळेल’ असा फोन किंवा पत्र आले तर विषय तिथेच संपवा. ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) टॉवरसाठी कोणालाही एनओसी देत नाही, आणि खरी कंपनी जागामालकाकडून पैसे मागत नाही. पैशांचा प्रवाह कंपनीकडून तुमच्याकडे असतो. तो उलटा दिसला की संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

माणूस खरा वाटला तर दोन गोष्टी लेखी मागा:

१. कंपनी स्वतः मोबाइल सेवा देणारी आहे की टॉवर उभारून तो भाड्याने देणारी? दुसऱ्या प्रकारच्या कंपनीला दूरसंचार विभागाची आयपी-१ (टॉवरसारख्या पायाभूत सुविधा पुरवणाऱ्यांची) नोंदणी लागते. तिचा क्रमांक घ्या.

२. आलेल्या प्रतिनिधीला सोसायटीशी बोलण्याचा अधिकार देणारे कंपनीचे पत्र. जागा शोधून देणारे एजंट वेगळे आणि कंपनीचे कर्मचारी वेगळे. एजंटाने दिलेल्या तोंडी आश्वासनाला कंपनी नंतर ओळखही दाखवत नाही.

इशारा : या टप्प्यावर संमतीपत्र, इरादापत्र, एनओसी, लेटरहेडवरचे ‘हरकत नाही’ यांपैकी काहीही देऊ नका. पाहणीसाठी गच्चीवर जाऊ द्यायचे असेल तर रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि ‘फक्त पाहणी’ एवढे लिहून घ्या.

## टप्पा २ : गच्ची तुमची आहे का, हे कागदावर पाहा

प्रश्न विचित्र वाटेल, पण अनेक प्रस्ताव इथेच अडकतात. हे कागद एका फाइलमध्ये लावा: मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरणाचा (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर करण्याचा) किंवा मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने ते न केल्यास शासकीय आदेशाने होणाऱ्या) दस्त, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि उपविधी.

अभिहस्तांतरण झालेले नसेल तर जमीन कागदोपत्री अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असते. अशा वेळी कंपनी एक तर मागे हटते, नाही तर ‘मालकीबाबत वाद झाल्यास सर्व जबाबदारी सोसायटीची’ असे कलम घालते. ते कलम दिसले तर आधी मानीव अभिहस्तांतरण पूर्ण करा. टॉवर थांबू शकतो.

मंजूर नकाशात नसलेली शेड किंवा खोली गच्चीवर असेल तर तीही आत्ताच निकाली काढा. टॉवरसाठी अर्ज किंवा सूचना गेली की पाहणीला माणूस येतो, आणि त्याला पत्र्याची शेड आधी दिसते.

## टप्पा ३ : इमारत वजन पेलेल का?

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे थोडे थांबू.

कंपनी स्वतःच्या इंजिनिअरचा स्थिरता दाखला देते. तो घ्याच, पण सोसायटीने नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तो तपासून घ्या आणि त्याची फी कंपनीकडून मागा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर ३ वर्षांनी करायचे असते. ते ऑडिट राहिले असेल तर आधी ते करा. ज्या अहवालात ‘दुरुस्ती आवश्यक’ असे लिहिले आहे, त्याच्या शेजारी टॉवरचा दाखला ठेवून काही उपयोग नाही.

इंजिनिअरने काय पाहायचे:

१. पाया कुठे बसतो. टॉवरचे पाय किंवा खांबाची बैठक कॉलमच्या डोक्यावर यायला हवी. दोन कॉलममध्ये लोखंडी गर्डर टाकून त्यावर बैठक घेतली तरी चालते. नुसत्या स्लॅबवर, पॅरापेटवर, पाण्याच्या टाकीवर किंवा लिफ्टच्या मशीनरूमवर बसवलेली बैठक नाकारा. कॉलम वरून दिसत नाहीत, त्यामुळे मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग काढा. ड्रॉइंग हरवले असेल तर खालच्या मजल्यावरून मापे घेऊन गच्चीवर खडूने कॉलमच्या खुणा करा आणि कंपनीच्या नकाशाशी पडताळा. या तासाभराच्या कामात अर्धा मीटर सरकलेली बैठक सहज सापडते.

२. वाऱ्याचा भार. टॉवर स्वतःच्या वजनाने पडण्याचा धोका कमी असतो. बैठकीला खरा ताण देतो तो वारा. आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी ४४ मीटर प्रतिसेकंद आणि पुण्यासाठी ३९ आहे. दाखल्यातला आकडा तुमच्या शहराचा आहे ना, तेवढे बघा. दुसऱ्या गावाचा हिशेब फक्त नाव बदलून पुढे केलेला असू शकतो.

३. सगळे सामान धरले आहे का. हिशेबात फक्त खांब आणि अँटेना असतात. बॅटरीचे कपाट, उपकरणांचे केबिनेट आणि जनरेटर राहून जातात. बॅटऱ्यांचे वजन थोड्या जागेत एकवटते, म्हणून त्यांची जागाही नकाशात हवी. जनरेटर शक्यतो जमिनीवर ठेवायला लावा.

४. उद्याचे वजन. आज एका कंपनीचे ३ अँटेना लागतील. दोन वर्षांनी त्याच खांबावर दुसरी सेवा कंपनी येईल. दाखल्यात ‘कमाल अमुक अँटेना, अमुक किलो’ अशी मर्यादा लिहून घ्या. पुढच्या करारात हाच आकडा वापरायचा आहे.

तपासणी : दाखल्यावर इंजिनिअरचा नोंदणी क्रमांक, तारीख, इमारतीचा पूर्ण पत्ता आणि टॉवरची उंची आहे ना? ‘सदर इमारत सुस्थितीत आहे’ एवढ्या एका ओळीच्या दाखल्याला अर्थ नाही.

## टप्पा ४ : उंची, विमानतळ आणि स्थानिक नियम

मुंबईत डीसीपीआर २०३४ (शहराची विकास नियंत्रण नियमावली) आणि राज्याच्या बहुतेक इतर भागांत एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे युडीसीपीआर, लागू आहे. तुमची इमारत कोणत्या प्राधिकरणात येते ते आधी ठरवा: महापालिका, नगरपरिषद की विशेष नियोजन प्राधिकरण. मग तिथल्या नगररचना विभागाला एक पानाचे पत्र देऊन तीन गोष्टी विचारा. गच्चीवरच्या टॉवरला परवानगी लागते की लेखी सूचना पुरते? शाळा, रुग्णालय किंवा वारसा इमारत यांच्याबाबत काही अट आहे का? सभासदांची संमती किती टक्के लागते? उत्तर लेखी घ्या. काउंटरवर मिळालेले ‘काही लागत नाही’ फाइलला जोडता येत नाही.

इथे कंपनी एक वाक्य हमखास म्हणते: ‘आता परवानगी लागतच नाही.’ त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. २०२२ च्या दुरुस्तीने केंद्राच्या राइट ऑफ वे (दूरसंचाराचे जाळे उभारण्यासाठी जागा वापरण्याच्या) नियमांत खाजगी इमारतीवरच्या टॉवरसाठी परवानगीऐवजी आगाऊ लेखी सूचना आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला अशी तरतूद आली. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून २०२४ चे नवे नियम लागू झाले. म्हणून कंपनीला सांगा, ‘ज्या नियमाच्या आधारे परवानगी लागत नाही म्हणता, त्याचा क्रमांक लेटरहेडवर द्या, आणि सूचना दिल्याची पोच काम सुरू होण्याआधी द्या.’ पोच नसलेली सूचना न दिल्यासारखीच असते. नोटीस आली तर ती कंपनीबरोबर जागामालक म्हणून सोसायटीलाही येते.

विमानतळाजवळ उंची मोजताना जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची, इमारत, खांब आणि वरची तडितरोधक (वीज पडण्यापासून वाचवणारी) सळई या सगळ्यांची बेरीज धरतात. फक्त खांबाची उंची धरून ‘आमचा तर ९ मीटरचाच आहे’ म्हणणे ही नेहमीची चूक. विमानतळ प्राधिकरणाचे रंगीत क्षेत्र-नकाशे बघून तुमच्या जागेची कमाल उंची काढा.

कंपनीकडून या टप्प्यात एवढे कागद यायला हवेत:

- टॉवरची माहिती: अक्षांश-रेखांश, उंची, वजन, अँटेनांची संख्या
- सॅक्फा मंजुरी (दूरसंचार विभागाकडून टॉवरच्या जागेला मिळणारी), किंवा अर्ज केल्याची क्रमांकासह पोच
- दोन्ही इंजिनिअरांचे दाखले
- उंच इमारत असल्यास अग्निशमन विभागाचे ना-हरकत पत्र
- जनरेटर असल्यास त्याचे प्रदूषण मानकांचे प्रमाणपत्र

## टप्पा ५ : किरणोत्सर्गाचा प्रश्न सभेआधी हातावेगळा करा

सभेत भांडण याच मुद्द्यावर होणार. तेव्हा आकडे आधीच तयार ठेवा.

आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केली. त्यानुसार ९०० मेगाहर्ट्झला प्रतिचौरस मीटर ०.४५ वॅट, १८०० मेगाहर्ट्झला ०.९ वॅट आणि २००० मेगाहर्ट्झपासून पुढे १ वॅट. टॉवर या मर्यादेत असल्याचे स्वयंप्रमाणपत्र कंपनी दूरसंचार विभागाच्या परवाना क्षेत्र कार्यालयाला देते. त्याची प्रत मागा.

अँटेनाचा मुख्य झोत जवळपास आडवा जातो आणि थोडासा खाली झुकलेला असतो. बरोबर खालच्या मजल्यावर तो थेट पडत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकूंपेक्षा समोरच्या तेवढ्याच उंचीच्या इमारतीतल्या कुटुंबाला विचारण्याचा हक्क जास्त आहे. अँटेनांच्या तोंडासमोर त्याच पातळीवर कोणाच्या खिडक्या किंवा गच्ची येते ते दिशादर्शक घेऊन पाहा आणि नकाशावर तीन बाण काढा. अँटेना साधारण १२० अंशांच्या फरकाने तीन दिशांना असतात. एखादा बाण जवळच्या खिडकीकडे जात असेल तर खांबाची जागा किंवा उंची आत्ताच बदलून मागा. काँक्रीट ओतल्यावर कोणी बदलत नाही.

आपल्या गच्चीवरही नियम ठेवा: अँटेनाच्या अगदी समोर उभे राहून काम करायचे नाही. टाकी साफ करणारे, सोलर पॅनेल धुणारे, केबलवाले यांना हे कोणी सांगत नाही. इशाऱ्याचा फलक आणि कुलूपबंद दार करारात लिहा.

नेहमीचा घोळ : एखादा सभासद ऑनलाइन घेतलेले मीटर आणतो, त्यावर १२,००० दिसते आणि सभा पेटते. बरीच मीटर मायक्रोवॅटमध्ये आकडा दाखवतात. प्रतिचौरस मीटर १२,००० मायक्रोवॅट म्हणजे ०.०१२ वॅट. एकक वाचल्याशिवाय आकडा बोलू नका. अधिकृत मोजणी हवी असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर ४,००० रुपये भरून मागता येते.

## टप्पा ६ : सभा आणि ठराव

कमिटीच्या बैठकीत हा निर्णय घेऊ नका. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. तिला पूर्ण ५ दिवसांची नोटीस लागते, वार्षिक सभेला १४. नोटिशीत विषय स्पष्ट लिहा. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात टॉवर घुसवला की नाराज सभासदाला उपनिबंधकांकडे जायला आयते कारण मिळते. नोटिशीसोबत इंजिनिअरचा अहवाल, गच्चीचा नकाशा आणि कराराचा मसुदा वाटा.

ठराव मोघम नको. असा लिहा (यादी “ब” म्हणजे टप्पा ४ मधल्या कागदांची यादी):

‘इमारत क्र. __ च्या गच्चीवरील नकाशा “अ” मध्ये लाल रेषेने दाखवलेली __ चौ. फूट जागा __ या कंपनीस कमाल __ अँटेना आणि __ किलो भार या मर्यादेत मोबाइल टॉवरसाठी __ महिने मुदतीने देण्यास सभा मान्यता देते. यादी “ब” मधील सर्व कागदपत्रे मिळाल्याखेरीज करारावर सही करू नये आणि साहित्य गच्चीवर चढवू देऊ नये. सहीचे अधिकार अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांना संयुक्तपणे.’

वरच्या मजल्यावरच्या सभासदांची संमती वेगळ्या कागदावर, सदनिका क्रमांकासह घ्या. गळती, आवाज आणि ये-जा त्यांच्याच डोक्यावर होते. विरोधी मते नावासह इतिवृत्तात येऊ द्या. लपवलेला विरोध पुढे न्यायालयात जास्त त्रास देतो.

## टप्पा ७ : करार

कंपनीचा छापील करार येतो आणि ‘हा स्टँडर्ड आहे, बदलत नाही’ असे सांगितले जाते. बदलतो. पुढची कलमे एकेक करून वाचा.

मुदत आणि बाहेर पडणे. कंपनी १ किंवा २ महिन्यांच्या नोटिशीवर कधीही जाऊ शकते आणि सोसायटी १०-१५ वर्षे बांधलेली, अशी एकतर्फी रचना सर्रास दिसते. सोसायटीलाही बाहेर पडण्याची वाट हवी. पुनर्विकास, धोकादायक इमारत, भाडे थकणे आणि अँटेनांची मर्यादा ओलांडणे ही चार कारणे तरी लिहा. पुनर्विकासाचे कलम सर्वांत महत्त्वाचे. विकसक ठरला, सदनिका रिकाम्या झाल्या आणि टॉवर हलत नाही म्हणून पाडकाम थांबले, तर रोजचे नुकसान टॉवरच्या वर्षभराच्या भाड्याला भारी पडेल.

लिव्ह अँड लायसन्स की लीज. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते. त्यात परत न मिळणारी अनामत आणि परतीच्या अनामतीवरचे वर्षाला १० टक्के व्याज धरतात. त्याहून लांब मुदत लीजसारखी मोजली जाते आणि शुल्क वाढते. आमच्या मते सोसायटीने ६० महिन्यांच्या पुढे जाऊ नये. दस्त नोंदवून घ्या, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च कोणाचा ते लिहा.

वाढीव अँटेना. टप्पा ३ मधला आकडा इथे टाका. प्रत्येक नव्या सेवा कंपनीसाठी वेगळे भाडे, नवा दाखला आणि सोसायटीची लेखी परवानगी.

वीज. कंपनीच्या नावाचे स्वतंत्र मीटर. सोसायटीच्या सामाईक मीटरवरून ‘तात्पुरती’ जोडणी देऊ नका. ती वर्षानुवर्षे तशीच राहते आणि फरकाचे बिल सोसायटीला येते.

मालमत्ता कर. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम १४ नुसार दूरसंचार जाळे ते ज्या मालमत्तेवर उभे आहे तिचा भाग धरले जात नाही, मालमत्ता करासाठीही नाही. तरी टॉवरमुळे कोणताही कर किंवा दंड आला तर तो कंपनी भरेल असे लिहा. बिल आधी तुमच्या दारात येते, कायद्याचा वाद नंतर सुरू होतो.

जीएसटी आणि टीडीएस. कंपनी भाड्यातून १० टक्के टीडीएस कापेल. तो सोसायटीच्या पॅनवर दिसतो ना ते दर तिमाहीला बघा. सभासदांच्या मेंटेनन्सला लागणारे परस्परतेचे तत्त्व (सभासदांनी आपसांत जमवलेल्या पैशावर आयकर नाही) या भाड्याला लागू नाही, म्हणजे आयकर विवरणपत्र भरावे लागणार. सोसायटी जीएसटीत नोंदलेली असेल तर भाड्यावर १८ टक्के लावून बीजक द्या. नोंदलेली नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत भाडेकरूच तो कर उलट पद्धतीने, म्हणजे तुमच्याऐवजी स्वतः सरकारला, भरतो. मात्र २० लाखांची नोंदणी मर्यादा मोजताना मेंटेनन्सही धरतात. ठरावाआधी सीएंकडून हा हिशेब करून घ्या.

## टप्पा ८ : काम सुरू असताना

आता सही करा, आधी नाही. साहित्य चढण्याच्या आदल्या दिवशी गच्ची, पॅरापेट आणि वरच्या मजल्याच्या छतांचे तारखेसह फोटो काढा. नंतर ‘ही ओल आधीपासूनच होती’ या वाक्याला तेच उत्तर आहे.

गळती बहुतेक दोन ठिकाणी सुरू होते. एक, बैठकीचे बोल्ट वॉटरप्रूफिंगच्या थरातून गेलेले असतात तिथे. दोन, केबल आत नेण्यासाठी पॅरापेटला पाडलेले भोक. भोक बाहेरच्या बाजूला उतरते हवे आणि केबलला आत शिरण्याआधी खाली लोंबणारा झोल हवा, म्हणजे पाणी केबलवरून आत न येता झोलाच्या टोकाला ठिबकते. नुसता सिलिकॉन फासलेले भोक एका पावसाळ्यात उघडते. काम झाल्यावर बैठकीभोवती पाणी साठवून ४८ तास ठेवा आणि खालचे छत बघा. हे झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचे पत्र देऊ नका.

टॉवरचे अर्थिंग स्वतंत्र हवे. ते लिफ्टच्या किंवा सोसायटीच्या अर्थिंगला जोडू देऊ नका. जिना, अग्निशमनाचे पाइप आणि टाकीचे झाकण यांच्या वाटेत काही येत नाही ना, ते स्वतः चालून बघा. जनरेटर आवरणासह १ मीटर अंतरावर ७५ डेसिबलच्या आत हवा. रात्री एकदा सुरू करून ऐका.

## टप्पा ९ : चालू झाल्यावर, आणि काढताना

पहिल्या महिन्यात किरणोत्सर्गाची (ईएमएफ) मोजणी करून घ्या. पावसाळ्याआधी नट-बोल्ट, गंज, केबलचे क्लॅम्प आणि तडितरोधकाची तपासणी कंपनीने करून अहवाल द्यायचा. वर्षातून एकदा अँटेना मोजा, जिन्यावरून नजरेने मोजले तरी पुरते. ३ चे ५ झाले असतील तर त्याच आठवड्यात लेखी पत्र द्या. वर्षभर गप्प राहिलात तर ती मूक संमती ठरवली जाते.

टॉवर काढायची वेळ आली की कंपनीचा ठेकेदार लोखंड कापून नेतो आणि बैठका व बोल्टची टोके तशीच सोडतो. बोल्ट स्लॅबच्या पातळीच्या खाली कापून इपॉक्सीने भरणे, बैठक फोडणे, तिथले वॉटरप्रूफिंग नव्याने करणे आणि पुन्हा ४८ तास पाणी साठवून बघणे, एवढे झाल्यावरच अनामत परत करा. मीटर बंद झाल्याची वीज कंपनीची पावती त्याच फाइलला लावा.